औषध देणारा हात : ज्ञान, शील आणि शिक्षा

डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आपण औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. चिठ्ठीवरचे अक्षर आपल्याला लागत नाही. आतला माणूस ती क्षणभर न्याहाळतो, कपाटातून एक खोके काढतो, कात्रीने गोळ्यांची पट्टी कापून पुडीत घालतो आणि ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ एवढे सांगून ती आपल्या हाती ठेवतो. आपण पैसे देतो आणि घरी जाऊन ती गोळी आजाऱ्याच्या तोंडात घालतो. भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो, ज्वारी घेताना मूठभर तळहातावर घेऊन खडे पाहतो, सोने घेताना सोनाराला कस लावायला सांगतो. औषध मात्र डोळे मिटून घेतो. दुसरा इलाजच नसतो. त्या पुडीत काय आहे हे ओळखण्याची विद्या आपल्याजवळ नाही, आणि चूक झालीच तर ती कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

अशा दुकानात भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन कागद लावलेले असतात. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते वाचले असतील. एक कागद दुकानाचा असतो, त्याला परवाना म्हणतात. दुसरा कागद माणसाचा असतो. अमुक नावाचा इसम राज्याच्या नोंदवहीत औषधनिर्माता, म्हणजे ज्याला आपण फार्मासिस्ट म्हणतो, म्हणून नोंदला गेला आहे, एवढेच त्यावर लिहिलेले असते. आज आम्हाला या दुसऱ्या कागदाचा इतिहास सांगावयाचा आहे. हा कागद कोणाला द्यावा, कोणाला देऊ नये, दिलेला केव्हा काढून घ्यावा, आणि एकदा काढून घेतलेला पुन्हा देता येतो काय, या चार प्रश्नांची उत्तरे शोधण्यात समाजाची कित्येक शतके गेली आहेत.

यांपैकी पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे : याला औषध कळते काय? दुसरा शीलाचा आहे : याच्यावर विश्वास टाकावा काय? आणि तिसरा, जो सर्वांत अवघड आहे, तो असा : ज्याने एकदा गुन्हा केला, ज्याला न्यायालयाने शिक्षा दिली, आणि ज्याने ती भोगली, त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकावा काय? या तिसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परंतु ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला तो रात्रंदिवस छळत असतो, आणि ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्यालाही तो छळावयास हवा.

प्रथम जुना काळ पाहू. औषधात लबाडी होते हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, मीठ, सुगंधी द्रव्ये यांच्याच पंक्तीला औषधे बसवली आहेत, आणि त्यांत सारख्या दिसणाऱ्या हलक्या वस्तूची भेसळ करणाऱ्यास १२ पण दंड सांगितला आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा दंड कृत्याला आहे. औषधे कोणी विकावीत याविषयी तेथे नियम नाही. विकणाऱ्याने लबाडी केली की मग राजा दंड करणार. युरोपात याच्या पुढचे पाऊल तेराव्या शतकात पडले. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ सालापासून सिसिलीच्या राज्यासाठी जे कायदे केले, त्यांत वैद्य आणि औषध तयार करणारा यांचे धंदे वेगळे केले, औषध करणाऱ्याने शपथ घ्यावी असे ठरवले, आणि त्याच्यावर देखरेख ठेवली. दंड गुन्ह्यानंतर येतो. शपथ गुन्ह्यापूर्वी घ्यावी लागते. या माणसाकडे समाजाने आधीच काहीतरी मागितले पाहिजे, ही कल्पना तेथे आली.

परंतु शपथ घेणाऱ्याला औषध ओळखता येते की नाही, याची परीक्षा सक्तीने घ्यावी हे शहाणपण येण्यास पुढे फार काळ लागला. इंग्लंडसारख्या प्रगत देशातही ते एका दुर्घटनेने आले. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

१८५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीची गोष्ट. यॉर्कशायर परगण्यातील ब्रॅडफर्ड शहरात जोसेफ नील नावाचा मिठाईवाला पेपरमिंटच्या वड्या करीत असे. साखर महाग, म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो तीत एक स्वस्त पांढरी भुकटी मिसळी. ती बहुधा प्लास्टरची, म्हणजे जिप्समची असे. ती आणण्यासाठी त्याने एका माणसाला जवळच्या शिपली गावी हॉजसन नावाच्या औषधविक्याकडे पाठवले. हॉजसन आजारी पडून होता. दुकानात त्याचा मदतनीस विल्यम गॉडार्ड होता. माळ्यावर कोपऱ्यात पिंप आहे, त्यातून दे, असे त्याला सांगण्यात आले. माळ्यावर पांढऱ्या भुकटीचे एकच पिंप नव्हते. गॉडार्डने ज्यातून १२ पौंड मोजून दिले, ते पिंप सोमलाचे होते. त्या वड्या बाजारात हार्डेकर नावाच्या फेरीवाल्याने एका शनिवारी संध्याकाळी विकल्या. आईबापांनी मुलांसाठी पुड्या बांधून नेल्या. वीसच्या आसपास माणसे मेली, त्यांत मुले होती. सुमारे दोनशे जण आजारी पडले. प्रथम लोकांना पटकीची साथ आली असे वाटले. पुढे खटला भरण्यात आला, पण मिठाईवाला, औषधविक्या व मदतनीस या तिघांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

श्रोतेहो, या तिघांत दुष्ट असा कोणीच नव्हता. सोमलाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा तेथे १८५१ सालीच झाला होता. विक्रीची नोंद ठेवावी, किरकोळ विकताना त्यात रंग मिसळावा, असे त्यात होते. म्हणजे विषावर कायदा होता. विष हाताळणाऱ्या माणसावर नव्हता. जेकब बेल या लंडनच्या औषधविक्याने आपल्या व्यवसायबंधूंसह १८४१ साली एक संस्था स्थापून परीक्षा घेण्यास आरंभ केला होता, आणि १८५२ साली पार्लमेंटकडून एक कायदाही करून घेतला होता. पण त्या कायद्याने केवळ पदवीनाम राखून ठेवले गेले. परीक्षा न देता दुकान थाटणारास कोणी अडवू शकत नव्हते. ब्रॅडफर्डनंतर दहा वर्षांनी, १८६८ साली, ठरलेली विषे विकण्याचा अधिकार परीक्षा उतरलेल्या व नोंदवहीत नाव असलेल्या माणसालाच राहील, असा कायदा इंग्लंडात झाला. पहिल्या प्रश्नाचे, ज्ञानाच्या प्रश्नाचे, उत्तर अशा रीतीने मिळाले.

दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर तेथे १९३३ च्या कायद्याने दिले. त्याने एक स्वतंत्र समिती नेमली, आणि तिचा अध्यक्ष कायदा जाणणारा असावा असे ठरवले. नोंदवहीत नाव असलेल्या माणसाला एखाद्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली, अथवा त्याच्या हातून गैरवर्तन घडले, तर तो नोंदवहीत राहण्यास अपात्र ठरतो काय, हे त्या समितीने ठरवावे. येथील ‘ठरवावे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शिक्षा झाली की नाव गेले, असे कायद्याने म्हटले नाही. शिक्षा हे चौकशीचे कारण मानले. निकाल समितीवर सोपवला. हीच विचारसरणी पुढे आपल्या देशातही आली. तिकडे आता वळू.

हिंदुस्थानात औषधविद्येचे रीतसर शिक्षण देण्याचा एक फार जुना प्रयत्न आपल्या शेजारी गोव्यात झाला. १८४२ साली पणजीत पोर्तुगीज अमलाखाली वैद्यकशाळा स्थापन झाली, तेव्हापासूनच तेथे औषधनिर्मितीही शिकवली जाई. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानात दीर्घकाळ या व्यवसायाचा भार कंपाउंडर नावाच्या माणसाने वाहिला. जुन्या पिढीतील श्रोत्यांना तो आठवत असेल. दवाखान्यातील पडद्याआड किंवा लहानशा खिडकीमागे तो उभा असे. खलात पूड कुटावी, लाल-पिवळी मिश्रणे करावीत, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोसांच्या खुणा कराव्यात, हे त्याचे काम. बाटली आपण घरून धुऊन न्यावी, आणि त्याने ती भरून द्यावी. यांतील पुष्कळांनी पुस्तकी शिक्षण थोडेच घेतलेले असे. पण हात तयार झालेला असे. काहींचा हात मात्र कधीच तयार होत नसे, आणि त्यांना थांबवणारेही कोणी नसे.

पहिल्या महायुद्धानंतर परदेशी औषधांचा पूर आला, आणि त्याबरोबर नकली मालही आला. हिवतापाने गांजलेल्या या देशात क्विनीनमध्येही भेसळ होऊ लागली. १९२७ साली त्या वेळच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा व्हावा असा ठराव झाला. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि १९३१ साली तिने आपला अहवाल दिला. या देशात औषधनिर्मात्यांचा म्हणून ओळखावा असा शिकलेला, संघटित वर्गच नाही, ती जागा कंपाउंडर भरून काढीत आहेत, हे समितीने दाखवून दिले. आणि औषधांसाठी एक व ती देणाऱ्या माणसांसाठी एक, असे कायदे सुचवले. याच सुमारास, १९३२ साली, काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांनी या विषयाच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. औषधांचा कायदा १९४० साली झाला. माणसांचा कायदा होण्यास मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. तो १९४८ सालचा फार्मसी कायदा.

हा कायदा करणारांसमोर एक मोठी अडचण होती. उद्यापासून पदवी किंवा पदविका घेतलेल्यानेच औषध द्यावे असे म्हटले, तर देशातील असंख्य दवाखान्यांच्या खिडक्या बंद पडतील, आणि आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलेली हजारो कुटुंबे रस्त्यावर येतील. म्हणून पहिल्या नोंदवहीचे दार उदारपणे उघडे ठेवण्यात आले. औषधशास्त्राची पदवी वा पदविका असलेल्यांना तर प्रवेश होताच. अन्य विषयाची पदवी आणि औषध करण्याचा तीन वर्षांचा अनुभव असलेल्यालाही तो होता. कंपाउंडरची मान्य परीक्षा उतरलेल्यालाही होता. आणि यांतले काहीच नसले तरी, जेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नियमित औषधे दिली जातात अशा ठिकाणी ज्याने एकूण पाच वर्षे हे काम केले असेल, त्यालाही होता. वय मात्र अठरा पूर्ण पाहिजे. पहिली नोंदवही झाल्यानंतर आलेल्यांना हे उदार दार बंद झाले; त्यांनी मान्य परीक्षा उतरलीच पाहिजे. आज बारावी शास्त्र शाखेनंतर निदान पदविकेचा अभ्यासक्रम व प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घ्यावे लागते, आणि पदविकाधारकांसाठी २०२२ च्या विनियमांनी शेवटी आणखी एक परीक्षाही ठेवली आहे.

या उदारपणाची किंमतही मोजावी लागली. नोंदणी नसलेल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, हा कायद्याचा खरा कणा. डॉक्टरांनी स्वतःच्या रोग्याला औषध देण्यास मात्र मुभा आहे. हा नियम मोडणारास मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले होते. परंतु हे कलम केव्हा अमलात आणावे ते राज्यांवर सोपवलेले असल्याने मुदती वाढत गेल्या. अखेर १९७६ च्या दुरुस्तीपासून मोजून आठ वर्षांची सीमा घालण्यात आली, आणि ज्या राज्यांनी तारीख ठरवली नव्हती तेथे ते १९८४ साली लागू झाले. कायदा झाल्यापासून छत्तीस वर्षे! चांगल्या कायद्याचे पाऊल या देशात किती जड असते, याचा हा एक दाखला.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९४८ च्या या कायद्यात नोंदणीसाठी लागणारी वयाची, शिक्षणाची व अनुभवाची पात्रता मोजून सांगितली आहे. परंतु ‘ज्यास पूर्वी शिक्षा झाली आहे त्याची नोंदणी होणार नाही’ असे सरसकट वाक्य त्या पात्रतेच्या कलमांत घातलेले नाही. शिक्षेचा विचार छत्तिसाव्या कलमात येतो, आणि तो नाव काढून टाकण्याच्या संदर्भात येतो. तेथे तीन कारणे दिली आहेत. पहिले, नाव चुकीने अथवा खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून घातले गेले असेल. दुसरे, त्या माणसाला एखाद्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असेल, किंवा व्यवसायात त्याच्याकडून लांच्छनास्पद वर्तन घडले असेल, आणि त्यामुळे तो नोंदवहीत राहण्यास अपात्र आहे असे राज्य परिषदेच्या कार्यकारी समितीचे मत होईल. तिसरे, त्याने नेमलेल्या नोकराकडून असे काही घडले असेल. पण येथेही मालकाची फूस होती, डोळेझाक होती, किंवा त्याने घ्यावी तेवढी काळजी घेतली नाही, अशा प्रकारचे काही दिसल्याशिवाय नोकराचे पाप मालकाच्या माथी मारता येत नाही.

नाव काढण्यापूर्वी त्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. समितीचा हुकूम राज्य परिषदेने कायम करावा लागतो. तो कायम झाल्यावरही तीन महिने अमलात येत नाही. तीस दिवसांच्या आत राज्य सरकारकडे दाद मागता येते. आणि पुढच्याच, सदतिसाव्या कलमात, पुरेशी कारणे दिसल्यास ते नाव राज्य परिषदेला केव्हाही पुन्हा नोंदवहीत घेता येईल, असे म्हटले आहे. मात्र सरकारने अपील फेटाळलेले असेल, तर परत घेण्याच्या हुकमास सरकारची संमती लागते.

दार बंद करणाऱ्या कलमाला लागूनच दार पुन्हा उघडणारे कलम बसवले आहे, ही आमच्या मते या कायद्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना आहे. हिच्यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, ज्याला एकदा शिक्षा झाली त्याच्या हाती माझ्या मुलाचे औषध का द्यावे? दुसरा म्हणतो, ज्याने शिक्षा भोगली त्याने आपले देणे फेडले. मग त्याची भाकरी का काढून घेता? दोन्ही आक्षेप खरे आहेत, म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकदा सरळ उभा राहिला होता. खटला डॉक्टराचा होता, औषधविक्याचा नव्हता. पण तत्त्व एकच असल्याने तो येथे सांगतो. हॉकर नावाच्या एका डॉक्टराला गर्भपाताच्या गुन्ह्याबद्दल १८७८ साली दहा वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे न्यूयॉर्क राज्याने असा कायदा केला की, गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्याने वैद्यकी करू नये. हॉकरने वैद्यकी केली म्हणून १८९६ साली त्याच्यावर पुन्हा खटला भरला गेला. १८९८ साली सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. वैद्याच्या अंगी चारित्र्य हवे, असे राज्य म्हणू शकते, आणि झालेली शिक्षा हा चारित्र्य नसल्याचा निर्णायक पुरावा मानू शकते, असा बहुमताचा आशय होता. न्यायमूर्ती हार्लन व त्यांचे दोन सहकारी यांना हे पटले नाही. शिक्षा पुरी भोगून झाल्यावर त्याच गुन्ह्यासाठी धंदा बंद करणे म्हणजे जुन्या गुन्ह्यावर नवी शिक्षा चढवणे होय, आणि मधल्या वर्षांत हा माणूस कसा वागला हे सांगण्याची संधीही त्यास मिळत नाही, असा त्यांचा रोख होता. त्या देशातील अनेक घटकराज्यांनी गेल्या काही दशकांत आपले नियम सौम्य करून, गुन्ह्याचा त्या धंद्याशी काही संबंध आहे काय हे पाहण्यास सुरुवात केली आहे. इंग्लंडात १९७४ साली जुन्या शिक्षा ठराविक काळानंतर विसरल्या जाव्यात असा कायदा झाला; पण १९७५ च्या हुकमाने औषधनिर्मात्यासारखे विश्वासाचे व्यवसाय त्यातून वगळले, म्हणजे तेथे जुन्या शिक्षेविषयी विचारता येते. विचारणे निराळे आणि नाकारणे निराळे, हा भेद तेथेही राखला गेला.

‘शिक्षा झाली’ एवढ्या दोन शब्दांवर माणूस तोलता येत नाही, हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याची गरज नाही. १९४८ साली पहिल्या नोंदवहीचे दार उघडले, तेव्हा १९३० आणि १९४२ च्या चळवळींत तुरुंगात जाऊन आलेली माणसे गावोगावी होती. कागदोपत्री तेही शिक्षा झालेलेच होते. सरसकट बंदीचा कायदा असता, तर मिठासाठी तुरुंगात गेलेल्या कंपाउंडरला त्याने विषाच्या व्यापाऱ्याशेजारी बसवले असते. आमच्या कायद्याने गुन्ह्याचे नाव विचारले नाही. त्या गुन्ह्याने हा माणूस या कामास अपात्र ठरतो काय, एवढेच विचारावयास सांगितले.

दुसरे उदाहरण दारूबंदीचे घ्या. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा इतका व्यापक होता, की अल्कोहोल असलेली औषधेसुद्धा त्याच्या जाळ्यात सापडली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या वस्तूंपुरता तो भाग रद्द ठरवला. आता दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एकाला स्वतःच्या घरात पेलाभर प्यायल्याबद्दल दंड झाला. दुसऱ्याने औषधाच्या बाटल्या मागल्या दाराने दारू म्हणून विकल्या. कलम एकाच कायद्याचे. पण पहिल्याची चूक त्याच्या घरात राहिली, दुसऱ्याने ज्या हाताने औषध द्यावयाचे त्याच हाताने ते विकृत केले. तीच गोष्ट तारुण्यात शेताच्या बांधावरून मारामारी केलेल्याची, आणि झोपेच्या वा नशेच्या गोळ्या चिठ्ठीवाचून पोरांना विकणाऱ्याची. यांना एका मापाने मोजणे हा न्याय होणार नाही. आणि शेवटच्यावर दया करणे हा पुढच्या गिऱ्हाइकावर अन्याय होईल.

मग अशा माणसाला तोलताना काय पाहावे? आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात. गुन्ह्याचा औषधाशी किंवा विश्वासाशी संबंध होता काय? त्याला किती काळ लोटला? त्या काळात तो कसा जगला? आणि त्याने आपण होऊन सांगितले, की दडवले? चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत वजनदार वाटते. कायद्यानेही महत्त्वाची गोष्ट दडवणे हे नाव काढण्याचे पहिलेच कारण म्हणून सांगितले आहे, ते उगाच नव्हे. औषध देणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते. गोळी बदलते, मात्रा चुकते. त्या क्षणी धावत जाऊन ‘थांबा, ती पुडी परत द्या’ म्हणणारा माणूस आपल्याला हवा असतो. जो स्वतःची जुनी चूक सांगण्याचे धैर्य दाखवतो, तो उद्याची चूकही सांगेल अशी काही आशा असते. जो दडवतो, त्याच्याविषयी ती धरता येत नाही.

येथे एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. शिक्षा झालेल्या माणसाविषयी आपण इतके दक्ष असतो. पण ज्याचा कागद धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे, आणि जो तो कागद भाड्याने देतो, त्याचे काय? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि आत उभा भलताच, हा प्रकार आपल्या शहरांना अपरिचित नाही. प्रमाणपत्राचा धनी दुसऱ्या गावी दुसरीच नोकरी करीत असतो. महिन्याच्या महिन्याला त्याला रक्कम पोचते. त्याच्यावर कधी खटला झालेला नसतो, नोंदवहीत कोठे डाग नसतो. २०१५ च्या व्यवसाय-विनियमांनी अशा प्रकाराला गैरवर्तन ठरवले आहे. पण नियम भिंतीवरची चौकट उतरवीत नाही. ब्रॅडफर्डचा हॉजसन निदान आजारी म्हणून दुकानात नव्हता. येथे धडधाकट माणूस आपली गैरहजेरी विकतो, आणि माळ्यावरच्या पिंपाशी पुन्हा एकदा कोणीतरी गॉडार्ड उभा राहतो.

स्वच्छ कागदाने सर्व काही साधत नाही, हा धडा मुंबईने १९८६ साली फार महाग किमतीला विकत घेतला. जे. जे. रुग्णालयात भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठ्यापासून शासकीय देखरेखीपर्यंत अनेकांच्या गाफीलपणावर व भ्रष्ट व्यवहारावर बोट ठेवले. औषध रोग्याच्या तोंडी जाण्यापूर्वी किती हातांतून जाते, आणि त्यांपैकी एकाने जरी आपले काम केले असते तरी काय टळले असते, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. पूर्वीचा गुन्हेगार ओळखणे सोपे असते, कारण त्याची नोंद असते. ज्याने अजून गुन्हा केल्याची नोंद नाही, पण ज्याला आपल्या कामाची चाड उरलेली नाही, त्याला ओळखणारी नोंदवही अजून कोणी तयार केलेली नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की नोंदवही व्यर्थ आहे. ब्रॅडफर्डच्या मुलांना ती असती तर कदाचित वाचवता आले असते. आमचे म्हणणे एवढेच, की नोंदवही हे समाजाने दिलेले वचन आहे आणि ते दुहेरी आहे. रोग्याला ते सांगते : या हाताला ज्ञान आहे, आणि याच्याकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत. व्यवसाय करणाऱ्याला ते सांगते : तू चुकलास तर तुझे ऐकून घेऊ, तुझी चूक तोलू, आणि तू खरोखर सुधारलास तर तुला परत घेऊ. पहिले वचन मोडले तर माणसे मरतात. दुसरे मोडले तर माणसे आपल्या चुका दडवायला शिकतात, आणि मग पहिलेही मोडते. म्हणून छत्तिसावे आणि सदतिसावे ही कलमे एकमेकांशेजारी हवीत. नुसत्या छत्तिसाव्याने धाक बसेल, पण खरेपणा वाढणार नाही. नुसत्या सदतिसाव्याने दया होईल, पण रोगी उघडा पडेल.

समारोप करताना श्रोत्यांना एकच विनंती करतो. कायदा परिषदेच्या कचेरीत असतो. पण त्याची खरी कसोटी दुकानाच्या फळीवर लागते. पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल तेव्हा क्षणभर भिंतीवरचा तो दुसरा कागद वाचा. त्यावरील नाव पाहा, आणि आतल्या माणसाला शांतपणे विचारा, “फार्मासिस्ट आपणच ना?” तो ‘हो’ म्हणाला, तर आपल्या विश्वासाला एक नाव मिळेल, आणि त्यालाही आपल्या कागदाची जबाबदारी नव्याने जाणवेल. त्याने नजर चुकवली, तर ती चिठ्ठी घडी करून खिशात घाला आणि पुढच्या दुकानाची पायरी चढा.